बहिणीच्या नीटवर भावाचं चालणं टांगू नका

प्रश्न : माझा मुलगा (वय २३) चौदा महिन्यांपूर्वी काटोल रोडवर मोटारसायकलवरून पडला. मानेच्या मणक्याला मार बसला, तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष राहून गेलं. धाकट्या मुलीला नीटमध्ये आधी ३९२, मग ४३१ मार्क पडले. शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशी मज्जारज्जू दुरुस्त करतात, असं वाचलं. तिने न्यूरोसर्जन होऊन भावाला बरं करावं, असं आम्ही ठरवलं आहे. आणखी एक वर्ष ड्रॉप घ्यावा का? सध्या ती भावाच्या चमच्याला सायकलच्या मुठीचं रबर बसवत बसते, असल्या कामांत वेळ घालवते.
– एक पालक, मानेवाडा, नागपूर

भाऊ, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘आम्ही ठरवलं आहे’ इथेच अडकलो. या ‘आम्ही’त पोरगी आहे का? ती हो म्हणाली असेल, तरी माझा त्या होकारावर भरवसा नाही. समोर खुर्चीत भाऊ बसलेला असताना कोणती बहीण ‘मला नाही व्हायचं डॉक्टर’ म्हणेल? तुम्ही त्याचं चालणं तिच्या मार्कांना बांधून ठेवलंय. बाकीची पोरं नीटमध्ये अडकली की चार दिवस रडतात आणि दुसरा फॉर्म भरतात. ही अडकली तर भावाची गुन्हेगार ठरेल, निदान स्वतःच्या नजरेत. एवढं ओझं डोक्यावर घेऊन ४३१ आणले, याचंच मला नवल वाटतं.

शिवाय हिशेब बघा. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमएस तीन, मग न्यूरोसर्जरीची एमसीएच पदवी तीन. प्रत्येक दार पहिल्या धक्क्यात उघडलं तरी साडेअकरा वर्षं. तोवर मुलगा पस्तिशीत. आणि सर्जन मज्जारज्जूवरचा दाब काढतो, हाड स्थिर करतो. तुटलेले मज्जातंतू जोडून देणं त्याच्याही हातात नसतं.

आता त्या पेशींचं. वाचलंत ते अर्धं खरं आहे. मार बसल्यावर काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात, मज्जारज्जूतच राहणाऱ्या मायक्रोग्लिया या प्रतिकारक पेशी जाग्या होतात, पुढच्या काही दिवसांत रक्तातून मॅक्रोफेज या भक्षक पेशी येतात आणि मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात. उंदरांमधल्या मायक्रोग्लिया औषधाने काढून टाकल्या तेव्हा सुधारणा कमी झाली. म्हणजे त्या हव्यातच. पण याच गर्दीतून सुटणारी रसायनं शेजारच्या धडधाकट पेशीही मारतात, आणि मॅक्रोफेज तिथे महिनोन् महिने ठाण मांडून बसतात. रुग्णाच्याच मॅक्रोफेज इजेच्या जागी टोचून पाहण्याची चाचणी माणसांवर झाली. २०१२ मध्ये निकाल छापून आला, फायदा दिसला नाही. उलट बाजूने, या पेशींच्या गर्दीतून होणारा दाह दाबायला मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे मोठे डोस १९९० नंतर सर्रास दिले जायचे. संसर्गाचा धोका दिसल्यावर तेही सरसकट देणं थांबलं. कोणती पेशी, कधी, किती, हेच अजून प्रयोगशाळेत शोधताहेत. ‘इम्युनिटी वाढवा, पोरगा चालेल’ असं हे गणित नाही. त्यासाठी काढे पाजत असाल तर थांबवा. पेशींचं इंजेक्शन देतो म्हणून कुणी लाखांत पैसे मागितले तर सरळ उठून या. आज कामाची गोष्ट वेगळीच आहे : मानेजवळच्या इजेत प्लीहेवरचा, म्हणजे प्रतिकारक पेशी जिथे असतात त्या अवयवावरचा, मज्जासंस्थेचा ताबाच बिघडतो आणि अंगातली प्रतिकारशक्ती कमी पडते. म्हणून लघवीचा संसर्ग, छातीत साठणारा कफ, बेडसोअर यांना जपायचं. रात्री त्याची कूस कोण बदलतं? माझा अंदाज, तीच.

मुलीला या पेशींचंच कुतूहल असेल, तर त्याला नीट लागत नाही. बीएस्सी किंवा आयसर ही केंद्राची विज्ञान संस्था, पुढे पीएचडी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात प्रतिकारशक्तीवर काम चालतं.

पण मला तो चमचा सोडवत नाही. बोटं मिटत नाहीत म्हणून मूठ जाड करायची, हे तिला कुणी शिकवलं? ज्याला तुम्ही वेळ घालवणं म्हणता, त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. त्याची पदवी असते आणि आपल्या मेडिकलमध्येच, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, तो अभ्यासक्रम आहे, मानेवाड्याहून फार लांब नाही. प्रवेश नीटच्याच मार्कांवर होतो, आधी हातातल्या ४३१ वर काय मिळतं ते बघा. एकदा तिला तो विभाग दाखवून आणा. आवडला तर ठीक. नाही आवडला आणि ती म्हणाली मला बँकेची परीक्षा द्यायचीय, तर तेही ऐकून घ्या. ड्रॉप मात्र नको.

आणि पत्रात ज्याच्या करिअरबद्दल एक ओळही विचारलेली नाही, तो तुमचा मुलगा. त्याचा मार मानेला बसलाय, बुद्धीला नाही. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष का पडून आहे? दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलं का? २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आणि सरकारी उच्च शिक्षणात पाच टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत, परीक्षेला लेखनिक मिळतो. विद्यापीठात चौकशी करा, जमलं नाही तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. टॅली, जीएसटीची कामं घरून होतात, आणि फोनवर बोलून टाईप करणं आता कुणालाही जमतं.

पुढचं पत्र त्याने लिहावं, नाहीतर तिने. तुम्ही मात्र नको.