सव्वादोन वर्षांचं लेकरू बोलत नाही? आधी कान तपासा

ताई, मुलगा सव्वादोन वर्षांचा झाला तरी ‘आई’ आणि ‘पा’ एवढंच बोलतो, सासूबाई म्हणतात त्याचे वडीलही तीन वर्षांनी बोलले, आणि डॉक्टरांनीही तिसरं संपेपर्यंत थांबा म्हणून सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. माझं सांगणं एकच आहे, थांबू नका. याच आठवड्यात त्याचे कान तपासायची सोय बघा.

मी परभणी जिल्ह्यातली. माझ्या लेकाच्या वेळी आम्हालाही हेच सांगितलं होतं आणि आम्ही आठ महिने घालवले. त्याला ऐकू येत नसेल अशी शंका घरात कुणालाच आली नाही. ताटली पडली की दचकायचा, दारावरून ट्रॅक्टर गेला की पळत उंबऱ्यात यायचा. हाकेला बघायचा नाही, तर आम्ही म्हणायचो हट्टी आहे. तपासणीत कळलं, मोठे आणि जाड आवाज त्याला पोचत होते. स, श, फ, त असे बारीक आवाज पोचतच नव्हते. अशा लेकराला बोलणं ऐकू येतं पण तुटक येतं. ‘भात’ काय आणि ‘भाकर’ काय, त्याच्या कानावर ‘भा’ तेवढा पडतो. म्हणून डबा वाजवल्यावर वळतो, टाळी वाजवल्यावर बघतो, ही खात्री धरू नका.

तपासण्या दोन आहेत. ओएईत कानात मऊ टोक बसवतात, लेकरू शांत असेल तर काही मिनिटांत होते. बेरा झोपेत करतात, कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवून. जिल्हा रुग्णालयात लहान लेकरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं डीईआयसी केंद्र असतं, तिथे चौकशी करा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तेही तिकडे पाठवतात. पण पथकाची वाट बघत बसू नका, अंगणवाडीच्या ताईंना आजच विचारा. जन्मल्यावर काचेत ठेवलं होतं का, कावीळ जास्त झाली होती का, कान सारखा वाहतो का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. नात्यातलं लग्न असेल तर तेही सांगा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लागतं, माझंही तसंच. त्यात लाजायचं काही नाही, पण तपासणाऱ्याला ते कळायला हवं.

कान चांगले निघाले, तर किती शब्द येतात यापेक्षा किती समजतं ते बघा. हाताची खूण न करता नुसतं ‘चप्पल आण’ म्हटलं तर आणतो का? आकाशातलं विमान बोटाने तुम्हाला दाखवतो का? दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नास शब्द आणि ‘पाणी दे’सारखी दोन शब्दांची जोडी यायला हवी. समज चांगली आहे, बोट दाखवतो, अशी पुष्कळ लेकरं पुढे भरभर बोलू लागतात. पण आपलं त्यातलं आहे की नाही, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. बोट दाखवत नाही, नावाला वळत नाही, नजर देत नाही, असं असेल तर स्वमग्नतेची (ऑटिझमची) तपासणी मागून घ्या. आणि येत असलेले शब्द गेले, तर कोणत्याही वयात लगेच दाखवा. स्पीच थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेलाच गाठा.

वेखंड उगाळून चाटवल्याने बोलणं येत नाही. जिभेखालच्या पडद्यामुळे एखाद-दुसरा उच्चार अडतो, पण पडदा कापला की मुकं लेकरू बोलायला लागतं हे खरं नाही. घरात लमाणी, उर्दू किंवा तेलुगू बोलत असाल तर ती बंद करू नका, दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. मोबाइल मात्र बाजूला ठेवा. तो लेकराला उत्तर देत नाही, त्याच्या उत्तरासाठी थांबतही नाही.

दिवसभर ‘म्हण, म्हण’ करू नका. समोर बसा, केळ एका हातात, बिस्कीट दुसऱ्या हातात, ‘केळ पाहिजे का बिस्कीट?’ विचारा आणि मनात दहापर्यंत मोजत गप्प बसा. हे गप्प बसणंच जड जातं. त्याने ‘के’ म्हटलं तरी लगेच द्या आणि म्हणा, ‘केळ! पिवळं केळ.’

माझ्या लेकाला कानाचं मशीन बसवून घरी आलो त्या दिवशी मी सुपात ज्वारी पाखडत होते. खेळता खेळता तो थांबला, सुपाकडे बघत राहिला. मी हात थांबवला तर माझ्या मनगटाला धरून हलवू लागला, पुन्हा कर म्हणून. तो आवाज त्याने तोवर ऐकलाच नव्हता.

बेराची तारीख मिळाली की आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत जागं ठेवा आणि एसटीत झोपू देऊ नका, नाहीतर तिथे झोपत नाही आणि चक्कर वाया जाते. झोपेचं औषध देणार असतील तर किती तास आधी खाणं-दूध बंद ठेवायचं ते तारीख घेतानाच विचारा.