झऱ्याकाठचा मुक्काम : फ्लोरिडातील झऱ्यांविषयी वाचकांचे प्रश्न

फ्लोरिडाच्या उत्तर आणि मध्य भागात चुनखडीच्या खडकातून वर येणारे हजाराहून अधिक गोड्या पाण्याचे झरे आहेत. अमेरिकेतील मराठी कुटुंबे सुट्टीत तेथे पोहायला आणि तंबू ठोकून राहायला जातात. गेल्या काही आठवड्यांत आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही अटलांटाला राहतो. डिसेंबरच्या सुट्टीत सहा आणि नऊ वर्षांच्या मुलींना घेऊन झऱ्यात पोहायचे आहे आणि तीन रात्री तंबूत राहायचे आहे. ब्लू स्प्रिंगचे आरक्षण मिळत आहे. घ्यावे का?

पोहण्यासाठी घेऊ नका, मॅनाटी (पाण्यात राहणारे, गवत खाणारे मोठे सस्तन प्राणी) पाहण्यासाठी अवश्य घ्या. ऑरेंज सिटीजवळच्या ब्लू स्प्रिंग स्टेट पार्कमध्ये साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देत नाहीत, कारण सेंट जॉन्स नदी गारठली की शेकडो मॅनाटी उबेसाठी झऱ्याच्या ओहोळात येऊन राहतात. काठच्या लाकडी पायवाटेवरून त्यांच्या करड्या पाठी आणि श्वास घ्यायला वर आलेली नाकपुडी इतकी जवळून दिसते की मुलींना दुसरे काही नकोसे होईल.

पोहण्यासाठी मी तुम्हाला ओकाला राष्ट्रीय वनातील अलेक्झांडर स्प्रिंग्ज सुचवेन. तेथे काठ वाळूचा असून पाणी हळूहळू खोल होत जाते आणि तंबूची जागाही जवळच आहे. रेनबो स्प्रिंग्ज देखणे आहे, पण तेथील पोहण्याच्या जागी पाणी 5 ते 18 फूट खोल आहे. सहा वर्षांच्या मुलीला तेथे पाय टेकायला जागा मिळणार नाही. शिवाय तंबूची जागा मुख्य झऱ्यापासून दूर आहे आणि मध्ये गाडीने जावे लागते. इचेटकनी या झऱ्यांच्या उद्यानाचे नाव सगळेच घेतात, परंतु तेथे मुक्कामाची सोय नाही.

आरक्षणाचा नियम आधी समजून घ्या. राज्याच्या उद्यानांत फ्लोरिडाच्या रहिवाशांना 11 महिने आधी आणि बाहेरच्यांना 10 महिने आधी जागा धरता येते, म्हणजे तुमची पाळी स्थानिकांनंतर येते. राष्ट्रीय वनातील जागांचे आरक्षण केंद्र सरकारच्या वेगळ्या संकेतस्थळावर होते; तेथे कोणती जागा दुरुस्तीसाठी बंद आहे, तेही निघण्यापूर्वी पाहून ठेवा. आणि कोरडे कपडे तंबूत न ठेवता पाण्याच्या काठावर ठेवा. डिसेंबरात मुले पाण्यात कुडकुडत नाहीत, बाहेर आल्यावर वाऱ्यात कुडकुडतात.

प्रश्न : माझे आईवडील पुण्याहून येत आहेत. वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि रक्तदाबाची गोळी घेतात. पाणी बाराही महिने 22 अंश असते असे वाचले. 22 अंश म्हणजे पुण्यातील सुखद सकाळ. मग सगळे त्याला गार का म्हणतात?

हवा आणि पाणी यांची अशी तुलना करता येत नाही. पाणी शरीरातील उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते, त्यामुळे 22 अंशाच्या हवेत शर्टावर फिरणारा माणूस 22 अंशाच्या पाण्यात अर्ध्या तासात काकडतो. हे तापमान बदलत नाही, कारण जमिनीखाली खोलवर साठलेले पाणी त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाशी जुळलेले असते आणि वरच्या ऊन-थंडीचा त्याला स्पर्श होत नाही. म्हणूनच तेच पाणी जुलैत दातखीळ बसवते आणि जानेवारीच्या पहाटे वाफाळताना दिसते. वज्रेश्वरीच्या गरम कुंडांची सवय असलेल्या वडीलधाऱ्यांना हे आधी सांगून ठेवावे.

वडिलांनी धक्क्यावरून उडी मारू नये. अचानक गार पाणी लागले की श्वास अडखळतो आणि रक्तदाब एकदम चढतो. आधी पावले, मग गुडघे, मग मनगटे आणि मान भिजवून त्यांनी सावकाश उतरावे. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे आणि पाण्यात कोणीतरी त्यांच्याजवळ असावे.

प्रश्न : ॲलिगेटर आणि मेंदू खाणारा अमीबा, या दोन्हींची भीती वाटते. ती कितपत खरी आहे?

ॲलिगेटर फ्लोरिडाच्या प्रत्येक गोड्या पाण्यात असू शकतो, हे मान्य करूनच उतरावे. तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत अधिक फिरतो. त्यामुळे दिवसाउजेडी, आखून दिलेल्या जागेतच पोहा आणि कुत्र्याला काठावर मोकळे सोडू नका. त्याला खाऊ घालणे कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा योग्यच आहे, कारण माणसाच्या हातून खाल्लेला ॲलिगेटर पुढे माणसाकडेच येतो.

नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाला कोमट पाणी मानवते. झऱ्याच्या मुखाशी असलेले 22 अंशाचे पाणी त्याच्या वाढीला अनुकूल नसते. उन्हाळ्यात तापलेली तळी आणि संथ नद्या अधिक जोखमीच्या आहेत. पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही, नाकातून वर चढल्याने होतो. तो अतिशय विरळ आहे, पण झाल्यास बहुतेक वेळा प्राणघातक ठरतो. म्हणून कोमट पाण्यात नाकाला चिमटा लावा आणि तळाचा गाळ उपसू नका.

माझ्या मते या दोन्हींपेक्षा विजेची भीती अधिक बाळगावी. उन्हाळ्यात तेथे दुपारी जवळजवळ रोज गडगडाट होतो. पहिला गडगडाट ऐकू आला की मुलांना पाण्याबाहेर काढा.

प्रश्न : तंबूत खायला काय न्यावे?

दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. दोन दिवस चूल पेटवली नाही तरी चालते. रात्री मात्र सगळे खाणे गाडीत बंद करून ठेवा. रॅकून डब्यांची झाकणे उघडतात आणि ओकालाच्या वनात काळी अस्वले आहेत. इचेटकनीच्या प्रवाहात टाकाऊ वेष्टनातील खाण्यापिण्याच्या वस्तू नेता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : माझा मुलगा उथळ पाण्यातील गवतावर उभा होता, म्हणून उद्यानाच्या रक्षकाने त्याला बाजूला व्हायला सांगितले. साध्या पाणगवतासाठी एवढी कडक शिस्त कशाला?

रक्षकाचे बरोबर होते. पट्टीसारखी लांब पाती असलेले हे ईलग्रास मॅनाटी आणि कासवे खातात, मासे त्यात लपतात, आणि ते वाळूत अगदी वरवर रुजलेले असते. एका पायाच्या रेट्याने त्याचा झुबका उपटून वाहून जातो, आणि गर्दीच्या दिवशी असे शेकडो पाय पडतात. उघड्या पडलेल्या जागी मग शेवाळाचे तंतू पसरतात.

पण शेवाळाचे मूळ पाण्यापेक्षा जमिनीवर अधिक आहे. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या कातळात पाणी भेगांतून तुटपुंजे वाहते. फ्लोरिडाची चुनखडी मात्र पाण्यात विरघळून आतून पोकळ झालेली आहे. पहिल्या श्रेणीच्या झऱ्यातून सेकंदाला किमान 100 घनफूट, म्हणजे दिवसाला सुमारे 24 कोटी लिटर पाणी बाहेर पडते. ते सगळे आजूबाजूच्या शेतांवर आणि वस्त्यांवर पडलेल्या पावसाचे पाणी असते आणि झऱ्यापर्यंत यायला त्याला वर्षे, कधी दशके लागतात. हिरवळीवर टाकलेल्या खतातले आणि मैलाटाकीतून झिरपलेले नायट्रेट त्याच वाटेने येते आणि शेवाळाला पोसते. राज्याने झऱ्यांसाठी नायट्रेटची मर्यादा लिटरला 0.35 मिलिग्रॅम ठरवली आहे आणि 2016 मध्ये 30 प्रमुख झऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदाही केला. ओकाला किंवा गेन्सव्हिलमध्ये ज्यांचे घर आहे, त्यांनी आपल्या अंगणात खत टाकताना ते पुढे कोठे जाणार याचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलाला हे समजावून सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे आहे. ओकालाच्या वनातील जुनिपर स्प्रिंग्जजवळ फर्न हॅमक नावाचे झरे आहेत, तेथे त्याला घेऊन जा. तेथे पाण्यात उतरता येत नाही, पण छोट्या पुलावरून खाली पाहिले की तळाची पांढरी वाळू उकळी फुटल्यासारखी ठिकठिकाणी वर येते, पसरते आणि पुन्हा बसते. मी तेथे एकदा सकाळी सात वाजता एकटीच तासभर उभी होते आणि त्या वेळात एकाही ठिकाणची वाळू क्षणभरसुद्धा थांबली नाही. पुढच्या वेळी पोहताना त्याने वाळूच्या मोकळ्या पट्ट्यात उभे राहावे, आणि पट्टा संपला की पाय उचलून तरंगत पुढे जावे.