रडणाऱ्या मुलाच्या भावनेला आधी नाव दे

अगं, बालवाडीत तू नवी बाई, जूनमध्ये वर्गात रडारड होणारच, घाबरू नकोस. फक्त "रडू नको, शहाणा ना तू?" हे टाळ. 3-4 वर्षांच्या मुलाच्या पोटात कालवाकालव होते, पण तिला काय म्हणायचं हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्यासमोर खाली बस आणि अंदाजाने विचार, "आईची आठवण येतेय का?" अंदाज चुकला तर ते मान हलवून सांगतं.

आपल्याकडे शब्द किती आहेत बघ: रुसणं, हिरमुसणं, खट्टू होणं, धास्तावणं. नुसत्या 'राग आला'वर भागवू नकोस. मुलाच्या घरची बोली वेगळी असेल तर तिथले शब्द त्याच्या आईला विचारून घे.

माझ्या वर्गातला एक मुलगा रोज डबा खाताना शेजारच्याला ढकलायचा. मी रागवायचे. एकदा जवळ घेऊन विचारलं तर म्हणाला, "तो माझ्या डब्यात बघतो." डब्यात रोज नुसती चटणी-भाकरी. राग नव्हता तो, लाज होती. दुसऱ्या दिवसापासून मी माझा डबा घेऊन त्याच्या शेजारी बसू लागले. ढकलणं थांबलं.

मारणारा हात मात्र लगेच धर. "राग येऊ दे, मारायचं नाही," एवढंच, हळू आवाजात.

आणि भिंतीवर नुसता हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता लावून काम होत नाही. तू दमलीस की तेही मुलांना सांग. एखादं लगेच आपली पाण्याची बाटली पुढे करतं.