बर्फाच्या मशीनची गळती आणि खालच्या मजल्यावरून आलेली नोटीस

प्रश्न : इंदूरला सुदामानगरात आम्ही दोघं सगळ्यात वरच्या, चौथ्या मजल्यावर राहतो. पुण्याच्या मुलानं दहा महिन्यांपूर्वी ऑनलाइन मागवून बर्फाचं मशीन घेऊन दिलं, ६४,००० रुपयांचं. कंपनीनं पाठवलेल्या माणसानं ते ओट्याखाली बसवलं. गेल्या महिन्यात तीन दिवस उज्जैनला गेलो होतो. परत आलो तर स्वयंपाकघरात पाणी, ट्रॉल्यांचं प्लायवूड फुगलेलं आणि खालच्या काकांच्या हॉलचं पीओपी खाली आलेलं. त्यांच्या वकिलाची १,४०,००० रुपयांची नोटीस आलीय, मुदत पंधरा दिवस. कंपनीचा माणूस येऊन ‘हार्ड वॉटर, वॉरंटी लागू नाही’ असं लिहून गेला. विक्रेता म्हणतो कंपनीशी बोला. आमचा प्लंबर म्हणतो, किरकोळ काम आहे, आजच करून देतो. करून घेऊ का? आणि पैसे कोणी भरायचे?

उत्तर : ताई, प्लंबरला अजून मशीनला हात लावू देऊ नका. कोरड्या हातांनी एमसीबी (विजेच्या बोर्डावरचं सुरक्षा बटण) पाडा, अँगल कॉक (मशीनला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करा आणि मशीन आहे तसंच राहू द्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ८७ प्रमाणे वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झालेला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा, दावा करता येत नाही. पान्हा लावलेलं मशीन तपासायला मिळालं, की कंपनीही तेच म्हणेल. आज वाचलेले थोडेसे पैसे पुढे फार महाग पडतील.

पैसे कोणी भरायचे हे गळती कुठून झाली यावर ठरतं. नळीच्या जोडातून झाली असेल तर बसवणाऱ्याची जबाबदारी, आतला भाग सदोष असेल तर कंपनीची, आणि निचऱ्याची नळी शेवाळानं तुंबली असेल तर काही भाग तुमच्याकडे येतो. म्हणून आधी जागा पक्की करायची, वकिली पत्रं त्यानंतर.

तुम्ही पाठवलेल्या कागदांत सगळ्यात मोलाचा कागद इन्स्टॉलेशन शीट आहे. त्यात ‘वॉटर प्रेशर’समोरचा चौकोन कोरा आहे, आणि खाली तुमची सही. मॅन्युअलच्या पानावर मात्र २० ते ८० पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब हवा, असं स्पष्ट छापलंय. आता हिशोब बघा. पाण्याच्या एक मीटर उंचीला साधारण १.४ पीएसआय दाब मिळतो. २० पीएसआय हवा तर टाकी मशीनच्या सुमारे १४ मीटर वर पाहिजे. गच्चीवरची टाकी वरच्या मजल्याच्या स्वयंपाकघरापासून जेमतेम चार-पाच मीटर वर असते, म्हणजे दाब सहा-सात पीएसआय. या मशीनमध्ये पाणी सोडणारा जो विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो, त्याचा रबरी पडदा बंद होताना पाण्याच्याच दाबानं घट्ट बसतो. दाब कमी पडला की तो पुरता बसत नाही आणि पाणी आत झिरपत राहतं, मशीन बंद असलं तरीही. वरच्या मजल्यावर पंपाशिवाय हे मशीन बसवणंच चुकीचं होतं, आणि ते तपासणं बसवणाऱ्याचं काम होतं. शीटवर सही केली म्हणून तुमचा हक्क गेला असं होत नाही. दाब किती आहे हे तुम्ही मोजावं अशी अपेक्षा कोणी धरू शकत नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. अशा मशीनचा बर्फाचा कप्पा फ्रीझरसारखा थंड ठेवलेला नसतो. बर्फ हळूहळू वितळतच असतो आणि ते पाणी निचऱ्याच्या नळीतून जायला हवं. व्हॉल्व्हमधून जास्तीचं पाणी आलं तरी बहुतेक मशीनमध्ये ते याच वाटेनं निघून जातं, जमिनीवर येत नाही. म्हणजे तुमच्याकडे निचराही नीट होत नसणार. मशीनमागे वाकून बघा. नळी सिंकखालच्या पाइपात वर नेऊन खोचलेली आहे का? ओट्याखालच्या मशीनचं निचऱ्याचं तोंड जमिनीलगत असतं आणि सिंकचा पाइप त्याच्या बराच वर. पाणी आपोआप चढत नाही, त्याला ड्रेन पंप लागतो. पंप नसताना नळी वर नेली असेल, तर एका फोटोत चूक बसवणाऱ्याच्या गळ्यात पडते. नळी उताराची असेल तर मीटरला सुमारे दोन सेंटिमीटर ढाळ हवा, मध्ये कुठे पाणी साचेल असा झोळ नको आणि नळीचं टोक सांडपाण्यात बुडलेलं नको. ढाळ नीट आहे आणि तरी आत बुळबुळीत गाळ निघाला, तर तो दहा महिने साफ न केल्याचा मुद्दा तुमच्याविरुद्ध जाईल. हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

काहीही न उघडता होणाऱ्या तीन तपासण्या अशा. फरशी पूर्ण कोरडी करून प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा वेगळा तुकडा ठेवा, वीज बंदच ठेवून अँगल कॉक उघडा. जोडाखालचा कागद भिजला तर फेरूल (जोडातली आवळणारी कडी) किंवा वॉशर नीट बसलेला नाही, किंवा नळी वाकडी कापून अर्धवट सरकवली आहे. जोड कोरडे आणि आत टाकीत पाणी ठिबकतंय, तर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, मग ते कमी दाबामुळे असो, क्षारांमुळे असो की त्याच्याच दोषामुळे. वीज मिळाल्याशिवाय तो उघडतच नाही, तेव्हा वीज नसताना पाणी येण्याला दुसरं कारण उरत नाही. मग कॉक बंद करून बर्फाच्या कप्प्यात एक लिटर पाणी सावकाश ओता आणि ते निचऱ्यातून बाहेर पडतं की कप्प्यातच साचतं ते बघा. जोडीला प्रेशर गेज आणून नळावर आकडा घ्या. गेज काही शे रुपयांत मिळतो.

हे सगळं करण्याआधी कंपनी, विक्रेता आणि खालचे काका यांना ई-मेल आणि रजिस्टर्ड पोस्टानं तारीख-वेळ कळवा, सात दिवस द्या. कोणी आलं नाही तर दुसऱ्या जाणत्या तंत्रज्ञाकडून लेखी अहवाल घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, सलग व्हिडिओ काढा. मूळ फोन जपून ठेवा. फोटो-व्हिडिओ पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागू शकतं. व्हॉल्व्ह कधी बदललाच, तर जुना पिशवीत घालून, सह्यांची चिठ्ठी चिकटवून सांभाळा. तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

‘हार्ड वॉटर’चं म्हणाल, तर क्षार साचूनही व्हॉल्व्ह उघडा राहू शकतो, हे खरं आहे. पण नुसतं लिहून जाणं म्हणजे सिद्ध करणं नव्हे. तुमच्याकडे नर्मदेचं पाणी येतं की बोअरिंगचं, की दोन्ही एकाच हौदात? पाण्याची कठीणता प्रयोगशाळेतून तपासून घ्या, टीडीएसच्या पेनवर विसंबू नका, कारण तो सगळे क्षार एकत्र मोजतो. वॉरंटी कार्डावर कठीणतेची मर्यादा छापलेली आहे का बघा. नसेल, तर कंपनीचा आक्षेप फारच लंगडा आहे.

आता नोटीस. काकांचा कंपनीशी काही संबंध नाही, त्यामुळे ते तुमच्याकडेच येणार आणि प्रकरण दिवाणी न्यायालयात जाऊ शकतं. त्यांना तुमचा निष्काळजीपणा दाखवावा लागेल, आणि कॉक उघडा ठेवून तीन दिवस बाहेरगावी जाणं हाच त्यांचा मुख्य मुद्दा असेल. तो अगदीच पोकळ नाही. पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या : जबाबदारी मान्य नाही, तपासणी चालू आहे, नुकसानीचा तपशील आणि बिलं द्यावीत. पीओपीचं किती चौरस फूट पडलं, छत किती वर्षं जुनं होतं, हे मोजून लिहून घ्या. जुन्या छताला संपूर्ण नव्या छताचा दर लागत नाही. रक्कम वाजवी ठरली तर मी तडजोडीच्या बाजूनं आहे, कारण रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसाशी वर्षानुवर्षं खटला कोणालाच सोसत नाही. मात्र पैसे देण्याआधी कंपनीला कळवा, आणि ‘दायित्व मान्य न करता, पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेली पावती घ्या. तीच रक्कम पुढे तुमच्या तक्रारीत मागायची आहे. तुमचा किंवा काकांचा घराचा विमा असेल तर आधी तो काढून वाचा. भारत गृह रक्षा पॉलिसीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं, पाइप फुटणं किंवा भरून वाहणं ही जोखीम आहे.

मशीन मुलाच्या नावावर असलं तरी अडचण नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वापरणाराही कायद्यानं ग्राहक असतो, आणि तुम्ही इंदूरला राहता म्हणून तक्रार इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येते. उत्पादक, विक्रेता आणि बसवणारी सेवा संस्था, तिघांनाही विरुद्ध पक्ष करा. उत्पादकासाठी ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८४, सेवा देणाऱ्यासाठी कलम ८५. उत्पादन-दायित्वात मशीन स्वतः येत नाही, त्यानं केलेलं इतर नुकसान येतं. म्हणून मशीनची किंमत किंवा बदली ‘दोष’ या मुद्द्यावर वेगळी मागा, आणि ट्रॉल्या, काकांना दिलेली रक्कम, मानसिक त्रास हे वेगळं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि मग आयोगाकडची तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करा. तक्रार हिंदीत लिहिली तरी चालते.

वॉरंटीचे दोनच महिने उरलेत, तेव्हा लेखी तक्रार याच आठवड्यात जाऊ द्या. दुरुस्ती तपासणीचा अहवाल हातात आल्यावर करा. तेव्हा दाबाचा पंप आणि गरज असेल तर ड्रेन पंप बसवून घ्या, खाली कडेचा ट्रे ठेवा, सहा महिन्यांनी निचरा आणि क्षार साफ करा. बाथरूमचं तेजाब त्यात घालू नका, आतल्या पत्र्यावरचा निकेलचा मुलामा जातो. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं क्लीनरच वापरा. आणि बाहेरगावी निघताना अँगल कॉक बंद.