बोर्ड बदलायच्या आधी दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून बघ

बाळा,

तुझा मेसेज शांतपणे वाचला. दहावी स्टेट बोर्डातून झाली, मार्क छान पडलेत, आता जेईई द्यायची म्हणतेस, आणि घरात सगळ्यांनी एकच धरून ठेवलंय की स्टेट बोर्डात राहून काही होत नाही, अकरावीला सीबीएसईत टाका. मामा तेच म्हणतात, क्लासच्या काउन्सेलर बाई तेच म्हणाल्या, आणि तू मला विचारलंस की मॅडम बोर्डामुळे खरंच एवढा फरक पडतो का. फरक पडतो गं, पण लोक सांगतात त्या जागी नाही, आणि जिथे पडतो तिथलं कोणी तुला सांगितलेलं दिसत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय, वेळ काढून वाच.

सगळ्यात आधी एक सांग, नक्की कोणती परीक्षा? तू मेसेजमध्ये जेईई लिहिलंस, खाली सीईटी पण लिहिलंस आणि शेवटी "नीटचा पण ऑप्शन ठेवू का" असंही विचारलंस. या तिन्ही परीक्षांना एकच पुस्तकं चालत नाहीत. मेडिकलची नीट आणि इंजिनिअरिंगची जेईई मेन या एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते आणि त्यांचा पाया एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसईत चालणाऱ्या, अकरावी-बारावीच्या पुस्तकांवर आहे, नीटच्या बायोत तर एनसीईआरटीची ओळन् ओळ वाचलेली असावी लागते. एमएचटी-सीईटी आपला राज्याचा सीईटी सेल घेतो आणि ती आपल्या बालभारतीच्या पुस्तकांवर असते, साधारण 80 टक्के बारावी आणि 20 टक्के अकरावी, अकरावीचेही ठरावीक धडेच. म्हणजे "स्टेट बोर्डाचा काही उपयोग नाही" हे वाक्य सीईटीसाठी तर उलटंच आहे, तिथे सीबीएसईच्या मुलाला आपली पुस्तकं वेगळी आणून वाचावी लागतात. आणि आपल्याकडची बहुसंख्य मुलं शेवटी इंजिनिअरिंगला सीईटीवरच जातात, जेईईची तयारी केलेलीसुद्धा, हे काउन्सेलर बाईंनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता मुख्य गोष्ट. आपली अकरावीची नवी पुस्तकं 2019 ला आली आणि बारावीची 2020 ला, आणि ती आधीच्यापेक्षा एनसीईआरटीच्या बरीच जवळ आहेत. त्यातले बहुतेक विषय तेच आहेत. पण क्रम तो नाही, आणि मुलं अडकतात ती इथे. फिजिक्सचंच बघ. एनसीईआरटीत रोटेशनल मोशन, फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स, वेव्हज हे सगळं अकरावीला येतं. आपल्याकडे हे बहुतेक सगळं बारावीला आहे, बारावीच्या पुस्तकाचा पहिला धडाच रोटेशनल डायनॅमिक्स. उलट रे ऑप्टिक्स एनसीईआरटीत बारावीला, आपल्याकडे अकरावीला, इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि सेमीकंडक्टरची सुरुवातही आपण अकरावीलाच करतो. बायोतही तसंच, रेस्पिरेशन-सर्क्युलेशन, नर्व्हस सिस्टिम, हार्मोन्स हे एनसीईआरटीत अकरावीला आणि आपल्याकडे बारावीला.

याचा परिणाम काय होतो ते नीट समजून घे. तू स्टेट बोर्डाच्या ज्युनिअर कॉलेजात आहेस आणि क्लास जेईईचा आहे, तर अकरावीत ऑगस्टमध्ये कॉलेजात एक चाललेलं असतं आणि क्लासमध्ये दुसरंच, कॉलेजच्या युनिट टेस्टला ऑप्टिक्स आणि क्लासच्या टेस्टला रोटेशन, मग मूल म्हणतं कॉलेजचं सोडून देऊ, बारावीत बघू. आणि बारावीत बघायला वेळ कुणाकडेच नसतो. मी इतकी वर्षं शिकवतेय, बारावीच्या दिवाळीनंतर जी मुलं रडत येतात त्यातल्या बहुतेकांची अकरावी अशीच सुटलेली असते. त्यांचं बोर्ड वाईट नव्हतं आणि तीही ढ नव्हती, दोन वेळापत्रकं एकमेकांशी जुळवून द्यायला कोणी बसलंच नाही त्यांच्यासोबत. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हे अकरावीच्या पहिल्या महिन्यात एका संध्याकाळी बसून टाळता येण्यासारखं आहे.

दुसरा फरक म्हणजे काही धडे एकीकडे आहेत आणि दुसरीकडे नाहीतच. एनसीईआरटीने कोविडनंतर पुस्तकं कमी केली, मग 2024 पासून जेईई मेन आणि नीटचा सिलॅबसही त्याप्रमाणे कापला गेला. केमिस्ट्रीतलं सॉलिड स्टेट बघ, सीबीएसईच्या बारावीतून गेलं, जेईई मेनमधून गेलं, पण आपल्या बारावीच्या केमिस्ट्रीचा तो पहिलाच धडा आहे, म्हणजे बोर्डाला हवा, सीईटीला हवा, आणि गंमत म्हणजे मेननंतर आयआयटीसाठी द्यावी लागते त्या जेईई ॲडव्हान्स्डच्या सिलॅबसमध्येही तो आहे. पॉलिमर्सचंही असंच, मेनमधून काढलं पण आपल्या पुस्तकात आहे. मॅथ्समध्ये आपल्याकडे मॅथेमॅटिकल लॉजिक आणि पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स असे दोन पूर्ण धडे आहेत, सीबीएसईच्या मुलाने ते कधी पाहिलेलेही नसतात आणि सीईटीला त्यावर हमखास प्रश्न असतात, सोपे मार्क असतात ते. म्हणून कोणी तुला "हे इम्पॉर्टंट नाही, स्किप कर" म्हटलं की लगेच विचारायचं, कोणत्या परीक्षेसाठी नाही?

बरं, मग सीबीएसईत जावं का? ज्या मुलाला फक्त जेईई ॲडव्हान्स्ड नाहीतर नीट एवढंच करायचंय, ज्याच्या घराजवळ चांगली सीबीएसई शाळा आहे जिथे अकरावी-बारावीचे शिक्षक खरंच शिकवतात, आणि जे मूल सातवी-आठवीपासून त्याच शाळेत आहे, त्याने तिथेच राहावं, क्रम एक राहतो, पुस्तक एक राहतं, बरं पडतं. पण तू दहा वर्षं स्टेट बोर्डात, सेमी-इंग्लिशमध्ये शिकलीस, तुझा अकरावीचा पहिला टर्म असाही इंग्रजीतून सगळं समजून घेण्यात जाणार आहे, त्यात नवी शाळा, नवा पेपर पॅटर्न, हे ओझं कशासाठी? माझं स्पष्ट मत आहे की तू स्टेट बोर्डातच राहा. पुस्तकांचं म्हणशील तर एनसीईआरटीची पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट आहेत आणि बालभारतीचीही ई-बालभारतीवर फुकट मिळतात, तेवढ्यासाठी बोर्ड बदलायची गरज नाही.

भाषेची भीती वाटत असेल तर हेही माहीत असू दे की नीट आणि जेईई मेन दोन्हींचा पेपर मराठीतूनही घेता येतो, सोबत इंग्रजी प्रश्न असतोच. तरी माझा सल्ला इंग्रजीतूनच द्यायचा, कारण अकरावी-बारावीची तुझी सगळी शब्दावली इंग्रजीतून होणार आणि ऐन परीक्षेत "जडत्व आघूर्ण" वाचून मोमेंट ऑफ इनर्शिया आठवण्यात वेळ घालवायचा नाही. पण शिकताना मराठीत विचार कर, मराठीत प्रश्न विचार, मला तर मराठीतच विचार, त्यात कमीपणा काही नाही.

आता विषय निवडायचे. इथे मात्र फॉर्म भरताना काळजी घे, कारण हे नंतर बदलणं त्रासाचं असतं. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) की सोबत बायो घेऊन पीसीएमबी? तू म्हणतेस दोन्ही ठेवते म्हणजे ऑप्शन खुले राहतात. ऐकायला छान आहे, पण नीटला 720 पैकी 360 मार्कांचं बायो आहे आणि जेईईला मॅथ्स एक तृतीयांश, या दोन्हीला अर्धं अर्धं देऊन कुठेच काही होत नाही असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तुला खरोखर बायो आवडत असेल तर घे, अकरावीपुरतं घे आणि दिवाळीपर्यंत ठरव. पण "ऑप्शन" म्हणून घेऊ नकोस, आणि मैत्रीण घेतेय म्हणून तर मुळीच नको. दुसरी भाषा की आयटी? बरीच मुलं मराठीऐवजी आयटी घेतात कारण मार्क पडतात आणि वेळ वाचतो, ते चूक नाही, तुझं मराठी चांगलं आहे त्यामुळे तुला दोन्ही चालेल. बायफोकलला, म्हणजे व्यवसायाशी जोडलेल्या विषयांत, कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलंस तर तो 200 मार्कांचा विषय असतो, दुसरी भाषा आणि बायो दोन्ही सुटतात, प्रॅक्टिकलचे मार्क चांगले मिळतात, इंजिनिअरिंगचं नक्की असलेल्या मुलाला हा मला सगळ्यात सोयीचा वाटतो, फक्त ज्या कॉलेजात तो विषय खरंच शिकवतात तिथेच घे.

आणि मार्कांचं म्हणतेस ना की बोर्डाचे मार्क कोण बघतं, तर बघतात. एनआयटी किंवा आयआयटीत प्रवेशासाठी बारावीला 75 टक्के लागतात, नाहीतर आपल्या बोर्डाच्या टॉप 20 पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या 20 टक्के मुलांत, यावं लागतं, एससी-एसटी आणि दिव्यांग मुलांना 65 टक्के. जेईईला चांगली रँक आणून इथे अडकलेली मुलं असतात आणि त्यांच्या आईवडिलांचे चेहरे बघवत नाहीत. राज्यातल्या इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये 45 टक्के पुरतात, आरक्षित वर्गाला 40, पण त्याच्या भरवशावर बोर्ड सोडून द्यायचं नसतं. फिजिक्स आणि केमिस्ट्रीला 70 चा पेपर आणि 30 चं प्रॅक्टिकल, मॅथ्सला 80 आणि 20. लिहायची सवय जानेवारीत लागत नाही, डेरिव्हेशन हाताने लिहायची, आकृती काढायची, आणि हे करताना जेईईचं नुकसान होतं असं मला अजिबात वाटत नाही, उलट ज्याला डेरिव्हेशन येतं त्याला फॉर्म्युला पाठ करावा लागत नाही.

म्हणूनच त्या इंटिग्रेटेडबद्दल, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र करतात त्याबद्दल, मी जरा कडक बोलणार आहे. कॉलेजात नाव, दिवसभर क्लास, हजेरी आपोआप, प्रॅक्टिकल शेवटच्या महिन्यात जर्नल भरून, असं जिथे चालतं तिथे जाऊ नकोस. सगळीच इंटिग्रेटेड कॉलेजं तशी नसतात, काही ठिकाणी शिक्षक मनापासून शिकवतात आणि वेळापत्रक एकच असल्याने मुलांची ओढाताण वाचते, हे मी मान्य करते. पण सोळा वर्षांच्या मुलीने लॅब न बघता, वर्गातल्या मैत्रिणी न मिळवता दोन वर्षं फक्त टेस्ट देत राहावं हे मला पटत नाही, कुणी कितीही निकाल दाखवले तरी.

पेपरचा स्वभावही वेगळा असतो तेही आत्ताच कळू दे. जेईई मेनला 3 तासात 75 प्रश्न, 300 मार्क, चुकलं की एक मार्क कापला जातो, म्हणजे विचार करून सोडवायचं आणि न येणारा सोडून द्यायचा. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटात, मॅथ्सचे 50 प्रश्न पुढच्या 90 मिनिटात, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही आणि हात भराभर चालला पाहिजे. काठिण्य जेईई मेनच्या पातळीचं असतं असं सीईटी सेल स्वतःच सांगतो. म्हणून जेईईची तयारी केली की सीईटी आपोआप होते हे खरं धरू नकोस, समज आपोआप येते, वेग येत नाही, तो वेगळा कमवावा लागतो, शेवटचे पाच-सहा आठवडे तरी फक्त सीईटीचे पेपर घड्याळ लावून सोडवावे लागतात.

आता काम सांगते. एक मोठा कागद घे, फिजिक्सपासून सुरू कर, डावीकडे बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या धड्यांची नावं लिही आणि उजवीकडे एनसीईआरटीची, सारख्या धड्यांना रेघ मारून जोड. ज्याला जोडी नाही त्यावर गोल कर. मग जेईई मेनचं आणि सीईटीचं त्या वर्षीचं माहितीपत्रक घेऊन प्रत्येक धड्यापुढे खूण कर की हा कुणाला लागतो, आणि हे दरवर्षी तपासायचं, सिनिअरने दिलेली जुनी यादी चालत नाही कारण सिलॅबस बदलतो हे तू वर बघितलंसच. जो धडा कॉलेजात पुढच्या वर्षी आणि क्लासमध्ये या वर्षी आहे तो क्लासच्या वेळीच दोन्ही पुस्तकांतून एकदम वाचून टाक, नोट्स एकाच वहीत, बालभारतीतलं जास्तीचं वेगळ्या शाईने. बारावीत तो धडा कॉलेजात येईल तेव्हा तुझी ती उजळणी असेल, आणि तेव्हा वर्गात लक्ष देऊन बस, दुसऱ्यांदा ऐकताना कळतं ते पहिल्यांदा कळलेलं नसतं.

आणखी एक, आपल्या अकरावीच्या फिजिक्समध्ये दुसरा धडा मॅथेमॅटिकल मेथड्सचा आहे, व्हेक्टर आणि थोडं कॅल्क्युलस. मॅथ्सच्या पुस्तकात डिफरन्शिएशन अकरावीच्या अगदी शेवटी येतं आणि इंटिग्रेशन तर बारावीला. त्यामुळे मुलं तो धडा घाईत उरकतात, कॉलेजंही उरकतात. तू उरकू नकोस. सुट्टीत आत्ताच त्याच्यावर बस, रोज थोडं कर, जेईईच्या फिजिक्सची निम्मी भीती त्याने जाते.

क्लासची फी भरायची घाई करू नका असं बाबांना सांग. आधी तो तक्ता कर आणि कॉलेजचे पसंतीक्रम भरायच्या आधी मला फोटो काढून पाठव, आपण फोनवर एकदा सगळं बघू. आणि जी दोन कॉलेजं तू लिहिलीयेस तिथल्या आत्ताच्या बारावीच्या मुलांना गेटवर गाठून विचारून ये की प्रॅक्टिकल आठवड्यातून किती वेळा होतात आणि मॅथ्सचे सर तासाला येतात का.

तुझी,
मॅडम