'संग' या शब्दाचा मूळ अर्थ काय? 'संघ' आणि 'संगत' हे शब्द त्याच मुळाचे आहेत का?

'संग' या शब्दाचा मूळ अर्थ 'चिकटणे' असा आहे. 'सोबत' हा अर्थ त्यातूनच पुढे निघाला. आपण ज्या दोन शब्दांविषयी विचारले आहे, ते मात्र त्याच्या कुळातले नाहीत.

'संग' हा संस्कृतातील 'सञ्ज्' या धातूपासून आला असून पाणिनीय धातुपाठात 'षञ्ज सङ्गे' अशी त्याची नोंद आहे. धातूच्या शेवटी 'ज' असताना शब्दात 'ग' कोठून आला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण 'युज्'पासून योग, 'भुज्'पासून भोग आणि 'त्यज्'पासून त्याग ज्या नियमाने होतात, त्याच नियमाने 'सञ्ज्'पासून संग होतो आणि युक्त, त्यक्त यांच्याप्रमाणेच 'सक्त' हे रूपही होते. आसक्त, विषयासक्त हे शब्द तेथूनच आले.

मूळ अर्थ ध्यानात ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण तो सुटला की जुने ग्रंथ वाचताना गफलत होते. विषयांचे चिंतन करणाऱ्याच्या मनात त्यांच्याविषयी 'संग' उत्पन्न होतो आणि त्या संगातून काम जन्मतो, असे भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक 62) म्हटले आहे. तेथे मनाचे विषयाला चिकटून बसणे अभिप्रेत आहे. म्हणूनच चारचौघांत राहणारा मनुष्यही निःसंग असू शकतो.

मराठीत हा अर्थ उपसर्गांच्या आड टिकून राहिला आहे. 'व्यासंग' (वि + आ + सञ्ज्) म्हणजे एखाद्या विषयाला इतके चिकटून राहणे की त्यावाचून दुसरे काही सुचू नये. या शब्दाला आपण अभ्यासाचा जो गौरवाचा अर्थ दिला, तो मला मराठीचे खास भूषण वाटतो. 'अनुषंग' म्हणजे पाठोपाठ चिकटून येणारे; आधीच्या 'उ'मुळे तेथे 'स'चा 'ष' झाला आहे. 'प्रसंग' हाही मुळात जोडले जाण्याचा वाचक असून त्यावरून तो 'ओढवलेली वेळ' या अर्थाकडे वळला. पदार्थविज्ञानात दोन भिन्न पदार्थ एकमेकांना धरून राहतात त्याला 'आसंजन' म्हणतात, आणि तेथे तर धातू जवळजवळ उघडाच दिसतो. 'सक्ती' आणि 'सक्तमजुरी' यांतला 'सक्त' मात्र फारसी 'सख्त'वरून आलेला आहे. रूप सारखे दिसले तरी त्याचा येथे संबंध नाही.

आता आपला दुसरा प्रश्न. 'संगत' ही 'सम् + गम्', म्हणजे एकत्र जाणे, यातून आलेली असल्यामुळे ती 'संगम'च्या घरातली आहे. 'संग' आणि 'संगत' यांचे आजचे अर्थ इतके जवळ आले आहेत की मुळे वेगळी असल्याचे सहसा जाणवतही नाही. 'संघ' हा तिसऱ्याच धातूचा, 'सम् + हन्' असा आहे. 'हन्' म्हणजे आघात करणे, आणि एकत्र दाबून घट्ट झालेले ते 'संहत'. समूह या अर्थी त्याच धातूपासून 'संघ' हे रूप होते, असे पाणिनीने स्वतंत्र सूत्रात सांगितले आहे. येथे 'ह'चा 'घ' झालेला आहे आणि दाट, भरीव या अर्थाचा 'घन' हा शब्दही त्याच 'हन्'पासून तसाच बनलेला आहे.