वाचकांचे प्रश्न : नाफ्प्लियोला एक दिवस पुरेल का?

प्रश्न : आम्ही उभयता साठी ओलांडलेले आहोत. मे महिन्यात आठ दिवसांसाठी ग्रीसला जायचे ठरवतो आहोत. एका सहल कंपनीच्या कार्यक्रमात अथेन्स आणि सांतोरिनी आहे, शिवाय मायकेनी व एपिडॉरस ही प्राचीन अवशेषांची ठिकाणे आणि नाफ्प्लियो हे किनाऱ्यावरचे गाव एकाच दिवसात दाखवणार आहेत. हे पुरेसे आहे का? तेथील किल्ल्याच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपतील का? शाकाहारी जेवण मिळते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : एका दिवसात ही तिन्ही ठिकाणे ‘पाहिली’ असे म्हणता येईल, पण त्यात नाफ्प्लियोच्या वाट्याला दुपारचे जेवण आणि फार तर धक्क्यावरची अर्ध्या तासाची चक्कर येते. या गावाची खरी वेळ संध्याकाळची. त्या वेळी बसगाड्या परतलेल्या असतात, सिन्टाग्मा चौकाच्या गुळगुळीत संगमरवरी फरशीवर मुले चेंडू खेळतात आणि बंदराच्या तोंडाशी एका खडकावर उभा असलेला बुर्झी हा छोटा जलदुर्ग उजळून निघतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आठ दिवसांत सांतोरिनी वगळावे आणि नाफ्प्लियोत किमान दोन रात्री मुक्काम करावा. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सांतोरिनी बेटावर बोटीने जाण्यात पाच ते आठ तास मोडतात. उलट अथेन्सच्या किफिसोस बसस्थानकावरून नाफ्प्लियो सुमारे अडीच तासांवर आहे. सांतोरिनीची छायाचित्रे सगळ्यांकडे असतात, हा मोह मला कळतो, पण तुमचे गुडघे तेथील चढउतारांनाही कुरकुर करतीलच.

आता पायऱ्यांविषयी. गावाच्या डोक्यावर 216 मीटर उंचीच्या टेकडीवर पलामिदी हा किल्ला आहे. व्हेनिसच्या लोकांनी तो 1711 ते 1714 या अल्पावधीत बांधला आणि 1715 मध्ये तो ऑटोमन तुर्कांच्या हाती गेलासुद्धा! गावातून वर जाणाऱ्या पायऱ्या 999 आहेत असे तेथे सगळेच सांगतात. मोजणाऱ्यांचा आकडा त्याहून कमीच भरतो. तुम्ही मात्र मोजायच्या फंदात पडू नये, कारण मागच्या बाजूने थेट वरच्या दरवाजापर्यंत डांबरी रस्ता आहे आणि टॅक्सी तेथवर जाते. उतरतानाही टॅक्सीच घ्यावी, कारण गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे अधिक जाचते. आत सावली जवळजवळ नाही आणि दगड झिजून निसरडे झालेले आहेत, तेव्हा सकाळी लवकर जावे, पाणी व चांगल्या पकडीचे बूट जवळ असावेत. मुक्कामाची खोली ठरवताना ‘लिफ्ट आहे का’ हे आधी विचारावे. जुन्या गावातील घरे देखणी असली तरी त्यांचे जिने अरुंद असतात आणि पुष्कळ गल्ल्या स्वतःच पायऱ्यांच्या आहेत.

मायकेनी आणि एपिडॉरससाठी नाफ्प्लियोहूनच टॅक्सी ठरवणे सोयीचे. मायकेनीचे सोन्याचे मुखवटे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, ते आधी पाहून मग मायकेनीच्या प्राचीन सिंहद्वारासमोर उभे राहावे. एपिडॉरसचे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील नाट्यगृह खालच्या वर्तुळातूनही मनाजोगे पाहता येते. सर्व 55 ओळी चढण्याची गरज नाही.

जेवणाची अडचण येऊ नये. मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे ‘यिगांदेस’, भाज्या तेलात भाजून केलेले ‘ब्रियाम’, पालकाची ‘स्पानाकोपिता’ हे पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात. भरलेले टोमॅटो आणि मिरच्या मागवताना आत केवळ भात आहे की खिमाही, हे विचारून घ्यावे. तेथील ख्रिस्ती लोकांच्या उपवासाचे पदार्थ मागितले तर मांस, अंडी, दूध टळते, परंतु त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि माकूल चालतात, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : नाफ्प्लियो ही ग्रीसची पहिली राजधानी होती असे वाचले. मग ती अथेन्सला का गेली?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : ऑटोमन तुर्कांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात ग्रीकांनी 1822 च्या नोव्हेंबरअखेर पलामिदी घेतला. भक्कम तटबंदी आणि सुरक्षित बंदर असलेले हे गाव नव्या राज्याला सोयीचे होते, म्हणून राज्यप्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास यांनी 1829 मध्ये सरकार एजिना बेटावरून येथे आणले. मानी या डोंगराळ मुलखाच्या मावरोमिखालिस घराण्याच्या प्रमुखाला त्यांनी तुरुंगात टाकले होते. त्याच्या भावाने आणि मुलाने 9 ऑक्टोबर 1831 रोजी संत स्पिरिडॉनच्या चर्चच्या दारात त्यांची हत्या केली. दाराशेजारच्या भिंतीतील गोळीची खूण काचेखाली जपली आहे. चर्च इतके लहान आहे, की माहिती नसेल तर माणूस सहज पुढे निघून जाईल.

त्यानंतर युरोपीय सत्तांनी बव्हेरियाच्या ओथॉन या राजपुत्राला गादी दिली. तो 1833 मध्ये सतरा वर्षांचा असताना नाफ्प्लियोच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच्या कारभाऱ्यांनी युद्धातील सेनानी कोलोकोत्रोनिस यालाच राजद्रोहाच्या आरोपाखाली मृत्युदंड ठोठावला, पुढे शिक्षा सौम्य करून त्याला पलामिदीवर डांबले आणि 1835 मध्ये त्याची सुटका झाली. त्याची म्हणून दाखवली जाणारी कोठडी इतक्या बुटक्या तोंडाची आहे, की आत जाताना जवळजवळ रांगावे लागते.

राजधानी 1834 मध्ये अथेन्सला हलली. अथेन्स तेव्हा युद्धाने उद्ध्वस्त झालेले छोटे गाव होते, पण बव्हेरियन दरबाराला प्राचीन ग्रीसचा वारसा सांगायचा होता आणि त्यासाठी अक्रोपोलिसच्या पायथ्याइतकी योग्य जागा दुसरी नव्हती. नाफ्प्लियोकडे मग पलामिदीचा तुरुंग उरला. तेथील फाशीगरांना गावात कोणी राहू देईना, म्हणून त्यांची सोय बुर्झीवर करण्यात आली. विसाव्या शतकात त्याच जलदुर्गात काही दशके हॉटेलही चालले.